टाकी, आमचा गोलकीपर

टाकीइतकं पाणी पिणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मैदानावर यायचा तेव्हा हातात दोन लिटरची एक बाटली आणि पाठीवरच्या पिशवीत दुसरी. दोन्ही बाटल्यांना त्याच्या आईने जुन्या लुगड्याच्या कापडाची खोळ शिवून दिलेली. सरावाच्या दीड तासात तो दोन्ही रिकाम्या करायचा आणि जाताना कॉलेजच्या हापशीवर पुन्हा भरून घ्यायचा. उन्हात सगळेच पाणी पितात, पण हा डिसेंबरच्या थंडीतही तसाच प्यायचा, तहान लागली म्हणून नव्हे तर वेळ झाली म्हणून प्यावं तसा. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याचं नाव 'टाकी' ठेवलं आणि हजेरीपटावरचं गजानन हे नाव आम्ही विसरून गेलो. त्याला त्याचा राग नव्हता. "टाकी भरेल पायजे, मंग घराले फिकीर नाई," एवढंच म्हणायचा. आम्ही हसायचो. त्या पाण्याचा अर्थ कळला तेव्हा अर्धा हंगाम संपत आला होता आणि हसणं जमेनासं झालं होतं.

आमचं कॉलेज मुकुटबनपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात होतं. एक लांबट इमारत, मागे मैदान, मैदानाला लागून तुरीचं शेत. गोलच्या खांबांना जाळी नव्हती. त्यामुळे गोल झाला की चेंडू सरळ तुरीत जायचा आणि तो शोधून आणेपर्यंत खेळ थांबायचा. खेळाचे काळे सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉल ते मोबाइलवर सामने पाहून शिकत आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवत. माणूस मात्र अतिशय सरळ. त्या वर्षी जिल्ह्यातल्या आठ कॉलेजांनी मिळून साखळी सामने ठरवले, तेव्हा आमच्याकडे अकरा खेळाडू जमवता जमवता सरांच्या नाकी नऊ आले. मी स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू झालो, कारण मी उंच होतो. टाकी गोलकीपर झाला, कारण त्याने पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकलं, "सर, मले धाववू नका. मले उडवा."

आणि तो खरंच उडायचा. अंगाने काटकुळा, पाय बारीक, पण हात असे लांब की गोलच्या दोन्ही खांबांना पोचतील असं वाटावं. मैदानाला फेऱ्या मारायची वेळ आली की तो काहीतरी कारण काढून बाजूला राहायचा. बुटाची नाडी, पोटात कळ, बसचा पास. पण चेंडू त्याच्या दिशेने निघाला की कुठलंही कारण आठवत नसे. पडल्यावर उठायला मात्र त्याला वेळ लागायचा. आधी एक गुडघा, मग तळहात, मग दुसरा गुडघा. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला टाकी. तो म्हणायचा, "पडाची घाई असते, उठाची नसते."

माझे वडील तहसील कचेरीत बाबू. म्हणून त्याने माझं नाव 'तहसील' ठेवलं होतं. सामन्यात माझी पाठ त्याच्याकडे असायची आणि त्याचा आवाज सतत माझ्या कानावर. "तहसील, डाव्या हाताले पाह्य. तहसील, त्याले आत येऊ देजो नोको. दोन पाऊल मांगं ये." कोणता खेळाडू कुठे धावणार आहे हे त्याला माझ्या आधी दिसायचं. स्वतः धावायचं नाही म्हणून त्याने सगळं मैदान डोळ्यांनी धावून ठेवलेलं असायचं. त्याचं ऐकलं तेव्हा आम्ही वाचलो आणि जिथे माझे पाय पोचले नाहीत तिथे गोल झाला.

गोल पुष्कळ झाले. पहिला सामना आमच्याच मैदानावर, तो आम्ही चार शून्याने हरलो. दुसरा पाच एकने. प्रत्येक गोलनंतर आम्ही खाली माना घालून उभे असायचो, तेव्हा टाकी स्वतः तुरीत शिरून चेंडू काढून आणायचा, मध्यरेषेकडे फेकायचा आणि ओरडायचा, "चला, इथून पुढं शून्य-शून्य." चौथ्या गोलनंतरही तेच आणि तेवढ्याच गंभीरपणे. आमच्यातल्या एकाने चिडून विचारलं होतं, "तुले हरल्यासारखं वाटतच नाई का बे?" त्यावर टाकी म्हणाला, "वाटते ना. पण मांगचं धरून बसलो त पुढचा बॉल दिसत नाई."

त्या दिवसांत काही गोष्टी नजरेला पडत होत्या. त्याचे डोळे कधीकधी पिवळट दिसायचे. आम्ही म्हणायचो, तुझ्या आईने हळद जास्त घातली भाजीत. ऑक्टोबरात आम्ही घामाने निथळत असायचो, तेव्हा हा जर्सीच्या आत लांब बाह्यांचा गंजीफ्रॉक घालायचा. सामना संपल्यावर आम्ही सगळे नाल्याच्या डोहात उतरायचो. हा काठावर बसून कपडे सांभाळायचा, पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. पिशवीत गोळ्यांची पाकिटं असायची. "ताकदीच्या हायेत," तो सांगायचा. महिन्यातून दोन-तीन दिवस तो न सांगता गायब व्हायचा आणि परत यायचा तेव्हा गाल आत गेलेले असायचे. यातली एकेक गोष्ट आम्हाला दिसत होती. सगळ्या एकत्र कोणी मांडून पाहिल्या नाहीत.

तिसरा सामना पुसदला होता. पुसदचा संघ मोठा, मैदान मोठं, गोलला खरीखुरी जाळी. आम्ही सहा शून्याने हरलो. टाकीने त्या दिवशी किती वेळा उडी मारली असेल कोण जाणे. ऊन कडक होतं आणि त्याच्या बाटल्या अर्ध्या वेळातच संपल्या होत्या. परत येताना कॉलेजच्या जुन्या मिनी बसमध्ये आम्ही दोघं मागच्या बाकावर होतो. तासाभराने माझ्या लक्षात आलं की तो बोलत नाहीये. त्याने दोन्ही गुडघे पोटाशी घेतले होते आणि डोकं समोरच्या बाकाच्या दांडीवर टेकवून तो मधूनमधून दात आवळत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "पिशवीतली गोळी दे. पांढरी."

मी पिशवीत हात घातला. गोळीच्या पाकिटाबरोबर प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं एक लाल कार्ड हातात आलं. वर त्याचं पूर्ण नाव, गाव, वय, आणि खाली दवाखान्याच्या तारखा. मी कार्ड हातात धरून बसलो. त्याने गोळी गिळली, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"लाल कार्ड," तो म्हणाला. "तुमाले मैदानात भेटते. मले जन्मापासून हाय."

"कशाचं आहे हे?"

"सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी असतात ना, माह्या वाकड्या हायेत. विळ्यावानी. थंडी वाजली, पाणी कमी पडलं, लय दमलो, का त्या नसीत अडकतात. जिथं अडकल्या तिथं दुखते."

शाळेत आम्हाला त्यावर एक धडा होता. गावात तपासणीला माणसं यायची, भिंतींवर चित्रं लावलेली असायची. पण ते सगळं चित्रातल्या माणसांना होत असतं असं मला वाटायचं. माझ्या शेजारी बसलेल्या, दुपारभर उड्या मारणाऱ्या माणसाला ते असेल हे डोक्यात शिरेना.

"मग खेळतो कशाला तू?" मी विचारलं. "धावू नको, दमू नको, असंच सांगत असतील ना डॉक्टर?"

त्याने गोळीचं पाकीट पिशवीत सारलं. मग म्हणाला, "माह्या मोठ्या भावालेबी होतं. त्याले घरच्यानं कुठीच जाऊ देलं नाई. शाळेतून घरी, घरून दवाखान्यात. थो कधी खेळला नाई, नदीत उतरला नाई, झाडावर चढला नाई. चौदाव्या वर्षी गेला. मंग मी कायले बसून राहू?"

त्याने कार्ड माझ्या हातातून घेऊन पिशवीच्या तळाशी ठेवलं. "कोणाले सांगजो नोको, तहसील. काळे सरले त बिलकुलच नाई. सांगितलं त मैदान बंद. अन् तुह्यासंगं बोलणंबी बंद." मी हो म्हटलं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि दिलेला शब्द पाळणं ही मला मोठ्या माणसाची खूण वाटत होती.

त्या दिवसापासून खेळातली माझी मजा गेली. चेंडू त्याच्याकडे गेला की मी श्वास रोखून धरायचो. गोल होतो की नाही याची भीती मागे पडली होती. पडल्यावर तो उठतो की नाही याची नवी भीती होती. पाठीमागे त्याचा आवाज आला की हायसं वाटायचं आणि जरा वेळ आला नाही की मी भर खेळात मागे वळून पाहायचो. दोन गोल तर माझ्या त्या मागे पाहण्यानेच झाले. सर ओरडले, "अरे, बॉल समोर आहे." मी कोणाला काय सांगणार होतो?

दिवाळीत तो मला त्याच्या गावी घेऊन गेला. रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, कपाशीच्या शेतांमधून पायवाट. घरची सहा एकर शेती, कापूस आणि तूर. वडील कमी बोलणारे. आई बारीक अंगाची आणि चपळ, तिची नजर सारखी टाकीच्या मागे. तो उठला की पाहायची, बसला की पाहायची, खोकला की हातातलं काम थांबवायची. आतल्या भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. टाकीसारखाच चेहरा, तेच लांब हात. टाकी वडिलांबरोबर गोठ्याकडे गेला तेव्हा तिने माझ्यासमोर शंकरपाळ्यांची ताटली ठेवली आणि जवळ बसली.

"बाबू, एक विचारू का? खरं सांगजो."

"विचारा ना काकू."

"आमचा गजू तुमच्यात बॉल खेळते का? थो म्हणते, मी फक्त नावं लिहून घेतो. कोणं गोल केला, किती वाजता केला, ते. पण त्याच्या कपड्याले कोपरापाशी माती असते. माह्यानं ते धुणं होते, म्हून मले दिसते."

गोठ्याकडून टाकीचा हसण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "नाही काकू. तो नावंच लिहून घेतो. मातीत बसतो ना, म्हणून लागत असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला असं तिने ठरवून टाकलं असावं. "बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्या ताटलीत आणखी शंकरपाळे घातले. परतताना टाकी रस्त्यापर्यंत सोडायला आला. आईने काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते मी त्याला सांगितलं. "चांगलं सांगितलं," म्हणाला. मी म्हणालो, "मला नाही चांगलं वाटलं." एसटी येईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला माझ्याबरोबर थांबला.

नोव्हेंबरात कापसाची वेचणी सुरू झाली. दोन पोरं शेतात अडकली आणि चौथा सामना आम्ही नऊ जणांनी खेळलो. पाच शून्य. त्यानंतर मात्र काहीतरी बदललं. पोरं परत आली आणि टाकीचं ऐकायची सगळ्यांना सवय झाली. तो मागून बोलायचा आणि सगळा संघ त्या आवाजावर हलायचा. पाचवा सामना आम्ही तीन दोनने हरलो, सहावा दोन एकने. त्या सहाव्या सामन्यात टाकीने पेनल्टी अडवली. समोरचा पोरगा धावत आला, टाकी शेवटच्या क्षणापर्यंत हलला नाही आणि मग आडवा होऊन त्याने चेंडू बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला. आम्ही सगळे त्याच्या अंगावर पडलो. खालून त्याचा आवाज आला, "अबे, सरका, हाडं मोडतीन." मी सोडून सगळे हसले. त्यानंतर तो नऊ दिवस कॉलेजात आला नाही.

तो परत आला तेव्हा डोळे चांगलेच पिवळे होते. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. मिनी बसचं डिझेल, जर्सी, बूट आणि सहाच्या सहा सामने हरलेले. शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी झाली तर पुढच्या वर्षी संघ राहील, नाहीतर फुटबॉल बंद, असं ठरलं. शेवटचा सामना नेरला होता. नेरचा संघ आमच्यासारखाच, तळातला. बरोबरी अवघड नव्हती. सरांनी हे आम्हाला सांगितलं, तेव्हा सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. टाकी पाणी पीत होता. बाटली खाली ठेवून म्हणाला, "होऊन जाईन." मी त्याला बाजूला घेतलं. "तुला बरं नाहीये," मी म्हणालो. "एवढा एक," तो म्हणाला. "मंग मी सोताच सोडतो."

नेर आमच्या गावाहून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जानेवारीची थंडी, आम्ही सकाळी उजाडताच निघालो. मिनी बसच्या दोन खिडक्या बंद होत नव्हत्या आणि बोचरा वारा आत येत होता. टाकी दोन स्वेटर आणि वर आईची शाल घेऊन बसला होता. यवतमाळ मागे पडलं तेव्हा मी त्याच्या हाताला हात लावला. हात भाजत होता. तो छोटे छोटे श्वास घेत होता, मोठा श्वास घ्यायला गेला की मध्येच थांबत होता.

"काय होतंय?" मी विचारलं.

"छातीत टोचून राह्यलं. थोडा वेळ राह्यते, मंग जाते."

"आधी कधी छातीत दुखलं होतं?"

त्याने शाल ओढून घेतली. "माह्या भावाचं छातीतूनच सुरू झालतं," म्हणाला आणि लगेच, "पण थो लहान होता," असंही म्हणाला.

नेरला मैदानावर उतरलो. ऊन पडलं होतं, पण हवेत गारवा होता. मैदानाच्या कडेला पन्नासेक माणसं जमली होती. टाकीने स्वेटर काढले, हातमोजे घातले आणि खांबांमध्ये जाऊन उभा राहिला. आमच्या पोरांनी सरावाला चेंडू मारायला सुरुवात केली. पहिल्या चेंडूला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग हळूच सरळ झाला आणि कोणी पाहिलं का ते पाहिलं. मी पाहत होतो. मी सरळ काळे सरांकडे चालत गेलो. सर पंचांकडे द्यायच्या कागदावर नावं लिहीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. लाल कार्ड, भाऊ, ताप, छाती. फार तर दोन मिनिटं लागली असतील.

सरांनी पेन खिशाला लावलं. "केव्हापासून माहीत आहे तुला?"

"पुसदपासून."

"आणि आज सांगतो," ते म्हणाले. टाकीजवळ गेले, म्हणाले, "बेटा, एक मोठा श्वास घे." टाकीने घ्यायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर त्याचा चेहरा वाकडा झाला. सरांनी स्वतःचा मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला आणि बसमधून आलेल्या कॉलेजच्या शिपायाला त्याच्याबरोबर दिलं. "आधी दवाखान्यात जा. मी सामना सुरू करून देतो आणि लगेच येतो."

टाकीने हातमोजे काढले आणि माझ्या पायाशी टाकले. "तुह्याकडून असं वाटलं नव्हतं, तहसील," म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो शिपायाच्या खांद्यावर हात ठेवून फाटकाकडे निघाला, मध्ये एकदा थांबला, पण मागे वळला नाही.

गोलमध्ये आम्ही आमच्या विंगरला, कडेने धावणाऱ्या खेळाडूला उभं केलं. सामना मी खेळलो एवढंच. पाठीमागे कोणाचा आवाज नव्हता. मैदान एवढं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही आठ शून्याने हरलो. शेवटच्या गोलनंतर चेंडू जाळीत पडून होता आणि तो काढायला कोणी जाईना. शेवटी मीच गेलो.

टाकीला नेरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून तिथूनच यवतमाळला नेलं होतं. छातीत पाणी झालं होतं, रक्त चढवावं लागलं. मी तिसऱ्या दिवशी गेलो. वॉर्डाच्या बाहेर त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. सरांनी तिला सगळं सांगितलं होतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं.

"तू त म्हणाला होता, नावं लिहून घेते."

मी मान खाली घातली. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं, तेही बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दोन पोरं हायेत मले. एक गेला, एक हा. तुले काय, लेकरा, तुले काय मालूम." डॉक्टर बाहेर आले तेव्हा सरही आले होते, मी त्यांच्या मागे उभा होतो. ते सरांना म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात शाबासकी होती की दोष होता, मी अजूनही ठरवू शकलेलो नाही. टाकी वाचला. मी आत गेलो, तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजातला फुटबॉल बंद झाला. गोलचे खांब उपटून नेले आणि तिथे सायकलींसाठी पत्र्याची शेड आली. काळे सरांनी मात्र एक काम केलं. आरोग्य खात्याच्या माणसांना बोलावून सगळ्या संघाची रक्ततपासणी करून घेतली. दोघांना पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे आजार नाही, पण रक्तात आहे. त्यातला एक मी. माझी आई घाबरली. मला मात्र त्या कार्डाकडे पाहून टाकीला फोन करावासा वाटला. मी तीनदा लावला. त्याने उचलला नाही.

दीड वर्ष तो बोलला नाही. पदवी त्याने घरी राहून पुरी केली. मी शिक्षकाची नोकरी धरली आणि तीही नेमकी नेरच्या एका शाळेत. एका रविवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "तहसील, नेरले असतं म्हणे तू."

तोच बोलत राहिला. शेतात थोडं काम करतो, गावातल्या मुलांना शाळेच्या मागे बॉल पकडायला शिकवतो, खुर्चीत बसून, असं म्हणाला. माझ्या लग्नाचं विचारलं. "पोरीचं रक्त तपासजो आधी, कुंडली मंग पाह्यजो." मग त्याने विचारलं, "त्या दिवशी किती झाले होते? मी कोणालेच विचारलं नाई."

"आठ," मी म्हणालो.

तो हसला. "मी असतो त चार झाले असते." मग हसणं थांबलं. "चार गोलापायी मेलो असतो ना मी?"

"माहीत नाही, टाकी."

"मलेबी मालूम नाई," तो म्हणाला. "पण एक सांगतो. मले राग आलता तो तू सांगितलं म्हून नाई. मले उभं राह्याचं होतं म्हून." त्यानंतर आम्ही दर रविवारी बोलायचो. सामने, गावच्या पोरांची प्रगती, दवाखान्याच्या तारखा. तारखांविषयी तो हवापाण्याविषयी बोलावं तसं बोलायचा. त्या वर्षीची थंडी मी मनात दिवस ढकलत काढली.

पुढच्या थंडीत तो गेला. मैदानावर नाही, बसमध्ये नाही. घरी, दोन स्वेटर घालून, उन्हात खाटेवर बसलेला असताना छातीत दुखायला लागलं. गाडी मिळायला वेळ गेला आणि यवतमाळच्या अर्ध्या वाटेत संपलं. त्याने धावणं सोडलं होतं, उडणं सोडलं होतं, गोळ्या चुकवत नव्हता. नेरला मी बोललो नसतो तर काय झालं असतं आणि बोललो म्हणून काय झालं, या दोन्ही प्रश्नांवर मी पुष्कळ दिवस डोकं आपटलं.

दहाव्याला जाता आलं नाही म्हणून मी पंधरा दिवसांनी गावी गेलो. वडील अंगणात होते, त्यांनी मान हलवून आत जायला सांगितलं. भिंतीवर आता दोन फोटो होते. काकूंनी पाणी दिलं. मी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणालो, "काकू, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तवाच मालूम होतं. कोपराले माती बसून लागत नाई."

त्या माझ्यासमोर बसल्या, पदर गुडघ्याखाली घेतला. "म्या त्याले खेळताना कधी पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "कसा खेळे थो?"

मी सांगायला लागलो. पहिला सामना चार शून्य, दुसरा पाच एक, पुसदला सहा. प्रत्येक आकड्यापाशी मी अडखळत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"हे त आत गेलेले सांगून राह्यला तू," त्या म्हणाल्या. "त्यानं अडवले किती?"

पेनल्टी मला आठवत होती. बाकीचे कोणी मोजले नव्हते. सरांच्या वहीत नव्हते, पंचांच्या कागदावर नव्हते, आणि माझी तर पाठच असायची त्याच्याकडे.

"मोजले नाहीत काकू."

"मंग आता आठव," त्या म्हणाल्या. "एकेक करून सांग. मले घाई नाई."

बाहेर वडील खाट उचलून दारापाशी आणत होते, त्यांनाही ऐकायचं होतं. मी डोळे मिटले, पहिल्या सामन्याची ती दुपार समोर आणली, आणि त्याने अडवलेल्या पहिल्या चेंडूपासून सांगायला सुरुवात केली.